खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं लोखंड

चौथा तास चालू होता. सातवीच्या वर्गावर कोन मोजायला शिकवत होतो आणि टेबलाच्या खणात ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. एकदा बंद केला, पुन्हा वाजला. बाहेर येऊन उचलला तर संतोष होता, माझा मामेभाऊ. "दादा, आबा गेले," एवढंच म्हणाला. मग, "दुकानातच. खुर्चीवर बसल्या बसल्या. हातात पाना होता…" अंबडहून जालना, जालन्याहून टेंभुर्णी असा एस.टी.चा प्रवास मी आयुष्यात कितीतरी वेळा केला असेल, पण त्या दिवशी कुठली बस पकडली, शेजारी कोण बसलं होतं, काहीही आठवत नाही. आता महिना होत आला. गावातल्या लोकांनी त्यांच्याविषयी खूप चांगलं सांगितलं आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र एक गोष्ट सांगायची आहे, जी त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही.

मामांचं, म्हणजे संतोषच्या आबांचं, टेंभुर्णीत रस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची डागडुजी अशी कामं. माझे वडील मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरतीवर असायचे, आई त्यांच्यासोबत. त्यांच्या मागे मीही फिरलो असतो, तर आज हे लिहायला बसलो नसतो. तिसरीत असताना मामांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं. वडिलांना म्हणाले, "दाजी, मेंढरं तुमचं ऐकत्यात, पोरगं माझं ऐकंल. ऱ्हाऊ द्या इथंच." दुकानाच्या कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती, तिच्यावर माझं दप्तर. मी भिंतीकडे तोंड करून अभ्यास करायचा, अशी ताकीद होती, कारण वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना वाईट. तरी ठिणगी पाडण्याआधी मामा दर वेळी ओरडायचे, "डोळे!" मी पुस्तक छातीशी धरून डोळे मिटायचो. उजेड विझला की पुन्हा वाचायला लागायचो. माझी बी.एस्सी. झाली, बी.एड. झालं, आमच्या साऱ्या भावकीत मी पहिला पदवीधर झालो, ते असं उघडझाप करत झालो.

पहिली नोकरी लागली ती थेट समुद्राकाठी, सिंधुदुर्गात. खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं गाव, माडांमधून शाळेत जायची वाट. मी भाड्याने राहायचो ते घर पार्वतीकाकींचं. नवरा लवकर गेलेला, मुलगा प्रकाश होडीवर. प्रकाश आणेल ती मासळी काकी साफ करून मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि आसपासच्या खानावळींना पुरवायच्या. घर त्यावरच चालायचं. पण तिकडे वादळ आलं की झाड तारेवर पडतं आणि चार-चार दिवस वीज नसते. एका पावसात काकींची सगळी मासळी गेली. अंगणाच्या कडेला खड्डा खणून पुरताना मी प्रकाशसोबत होतो. तेव्हा काकींनी ठरवलं, घराच्या मागच्या बाजूच्या स्लॅबवर बॅटरीवालं सोलर बसवायचं.

गावातला एक तरुण फिटर हे काम करायचा. पॅनल, बॅटरी, वायरिंग तो बघणार होता. पॅनल ज्याच्यावर बसतात तो सांगाडा अॅल्युमिनियमचा घ्या, नाहीतर जस्त चढवलेल्या लोखंडाचा, असं तो सांगत होता. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, सांगाडा माझे मामा करतील. त्या वर्षांत आमच्याकडे शेतातल्या सोलर पंपांची कामं निघाली होती आणि मामांनी कितीतरी पंपांचे सांगाडे उभे केले होते. मला वाटलं, मामांनी माझ्यासाठी एवढं केलं, आता निदान माझ्या या गावात तरी लोकांनी त्यांचं काम बघावं. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं.

मामा मोसंबीच्या टेम्पोतून कोल्हापूरपर्यंत आले, तिथून दुसऱ्या गाडीने कापलेले अँगल घेऊन आमच्या गावात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. चप्पल हातात घेऊन पाण्यात उभे राहिले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं पाणी… अन् एक घोट कामाचा न्हाई! आमच्या बायांनी बघितलं तर रडतील रे." काकी अंगणात बांगडे सुकवत होत्या. अँगल बघून म्हणाल्या, "मास्तरांनू, हयसर लोखंड टिकत नाय. खारो वारो खाता. आमच्या दाराच्या बिजागऱ्या बघा."

मामांना अर्धंच समजलं. मी अर्थ सांगितला, तर हसले. "ताई, बिजागरी कुठली अन् हे कुठलं? जालन्याचं लोखंड हाय हे. आमच्याकडं कारखानेच कारखाने. आधी लाल रंग, वरून दोन हात करडा. तुमचं घर पडंल, पण हे उभं ऱ्हाईल."

फिटर काहीतरी बोलणार होता. मामा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बाळा, तू तुझी तार सांभाळ."

काम देखणं झालं होतं. सांगाडा उभा राहिला, पॅनल चढले, फ्रीझर त्याच्यावर चालू लागला. पुढच्या पावसात दोन दिवस गावात अंधार होता आणि काकींच्या घरात शेजाऱ्यांचे मोबाइल चार्जिंगला लागले होते. मी मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंग? म्हणलं न्हवतं?"

पाऊस संपला आणि स्लॅबवरच्या पांढऱ्या रंगावर तांबूस ओघळ दिसायला लागले. वर जाऊन बघितलं, तर सांगाड्याच्या पायांना तळाशी, बोल्टच्या भोवती, गंज धरला होता. तेव्हाच मामांना कळवायला हवं होतं. पण फोन हातात घेतला की तो लाकडी पेटीचा कोपरा डोळ्यांपुढे यायचा. ज्या माणसाने मला उभं केलं, त्याला 'तुमचं काम चुकलं' हे मी कुठल्या तोंडाने सांगू? बाजारातून पॉलिश पेपर आणला, लाल रंग आणला, करडा रंग आणला. रविवारी वर चढून घासलं, रंगवलं. झालं, पुन्हा नव्यासारखं. दोन महिन्यांनी परत तेच. पुढे पुढे तर दर रविवारी ब्रश घेऊन वर जाणं ठरूनच गेलं. मामा फोनवर विचारायचे, "कसा हाय आपला सांगाडा?" मी म्हणायचो, "एकदम बराबर, मामा." एकदा फोटो मागितला, तेव्हा पहिल्या वर्षीचा फोटो पाठवला. मला ही कृतज्ञता वाटत होती…

हे उघडं पाडलं ते काकींच्या चांगुलपणाने. प्रकाशच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्यांनी मामांना फोन केला आणि माझं कौतुक केलं. "तुमचो भाचो म्हणजे सोन्यासारखो. दर आयतवारी वर चढता नि तुमचा लोखंड रंगवता."

दर रविवारी रंगवतो! मामांना आणखी काही विचारायची गरज नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही, काकींना नमस्कार केला आणि सरळ जिना चढले. पिशवीतून पाना काढून एकेका पायावर ठोकत गेले. चांगलं लोखंड ठणठणतं. हे नुसतं बद्द वाजत होतं. मग हातोडी काढली आणि कडेच्या पायावर, बेताचाच, एक ठोका मारला. हातोडीचं तोंड आत गेलं. रंगाची खपली निघाली आणि आतून तांबड्या पापडासारखं लोखंड गळून पडलं. त्याच पायाच्या बरोबर खाली मागचं अंगण होतं, जिथे काकी रोज मासळी सुकवायला बसत.

मामा तिथेच स्लॅबवर बसले. काकी जिन्यातून डोकावल्या, तेव्हा उठून हात जोडले. "ताई, तुमचं खरं होतं. मला दर्या कळला न्हाई. माझं चुकलं."

काकी म्हणाल्या, "चुकला तर चुकला. आधी हात धुवा नि जेवूक बसा. आज बांगडे आसत."

"आज सोमवार हाय माझा."

"मगे सोलकढी नि भात घेवा. सोलकढी सोमवाराक चलता."

जेवण झाल्यावर त्यांनी फिटरला बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी सगळे पॅनल खाली उतरवले. "एक वारं आलं अन् काही झालं, तर मी काय तोंड दाखवू?" म्हणाले. संध्याकाळी मला खाडीच्या बांधावर घेऊन गेले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. हळू आवाजात विचारलं, "तुला मी कशाला शिकिवलं?"

माझ्या नखांत कालचा करडा रंग होता, तो मी खरवडत होतो.

"माझी चूक रंगवायला? अरे, मी अडाणी माणूस. मला न्हाई कळलं. पर तू तर शिकलेला. मला सांगणारं घरात कुणी असावं म्हणून तर तुला पुस्तकात बसिवलं. डोळे मिटाया मी फक्त ठिणगीपुरतं सांगितलं होतं."

यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधीही बोलले नाहीत. कितीतरी वेळा वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं…

दुसरा सांगाडा त्यांनी त्या पोराला विचारून केला, ज्याला आधी 'तू तुझी तार सांभाळ' म्हणाले होते. "तुम्ही सांगा, मी करतो," असं त्याला अहो-जाहो करून बोलले. सगळी भोकं आधीच पाडली, कारण नंतर पाडली तर जस्ताचा थर तुटतो आणि गंज तिथूनच शिरतो, हे त्यांनी त्याच्याकडून शिकून घेतलं. मग जालन्याला नेऊन अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून आणला. बोल्ट स्टीलचे. जाताना काकींना सांगून गेले, "महिन्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवा. अन् रंग लावू नका, आत काय चाललंय ते दिसू द्या." तोपर्यंत तीन आठवडे, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता म्हणून, प्रकाश रोज बंदरावरून बर्फ वाहून आणत होता. त्याने एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, याबद्दलही मी ऋणी आहे.

पुढे मोठं वादळ आलं. गावातली कौलं उडाली, शाळेचा पत्रा खाडीत सापडला. मी दिवाळीच्या सुट्टीत टेंभुर्णीला आलो होतो. फोन लागायला लागले तसं काकींनी मला नाही, आधी मामांना फोन केला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. काकी एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "उभो आसा! तुमचो सांगाडो उभो आसा!" मामांनी फोन ठेवला, उपरण्याने तोंड पुसलं आणि चहा सांगितला.

पहिल्या सांगाड्याचा तो फुटलेला पाय मात्र ते सोबत घेऊन आले होते. दुकानाच्या दाराशी, कॅलेंडरच्या शेजारी, तारेने टांगला होता. कुणीही नवं काम घेऊन आलं, की आधी तो काढून त्याच्या हातात द्यायचे. "हे मी बनिवलेलं हाय. माझी चूक हाय. आता मला सांगा, तुमचं काम कुठं बसवायचं? जागा सांगा आधी." लोक हसायचे, पण जागा सांगायचे. विहिरीजवळ, गोठ्याजवळ, खताच्या गोदामाजवळ… आणि मामा त्याप्रमाणे लोखंड निवडायचे. माझी बदली होऊन मी जिल्ह्यात परत आलो, तरी ते चालूच होतं. मी समोर असलो तरीही गोष्ट तशीच सांगायचे. एक गोष्ट सोडून.

चौदावा होऊन गेल्यावर परवा पहिल्यांदा संतोषने दुकान उघडलं. मी जाऊन त्या लाकडी पेटीवर बसलो. भंगारवाला आला होता, त्याने तारेवरच्या पायाकडे हात केला, तर संतोष म्हणाला, "ते सोडून बाकी घेऊन जा." थोड्या वेळाने एक शेतकरी आला. त्याची मुलगी रत्नागिरीकडे दिलेली, तिच्या घरावर सोलर बसवायचं होतं, सांगाडा आपल्याकडून करून न्यावा असा विचार. संतोषने तो पाय काढला आणि त्याच्या हातात दिला. "आबांनी केलेला हाय. आबांची चूक हाय."

त्या माणसाने तो उलटून-पालटून बघितला. एका बाजूला मी लावलेला करडा रंग अजून चकाकतो, थरावर थर. आत बोट घातलं तर आरपार जातं.

"लोखंड तर पार गेलं," तो म्हणाला, "पर रंग काय भारी दिला हो! हा कुणी दिला?"

संतोष गोंधळला. त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मामांनी ही गोष्ट शेकडो जणांना सांगितली, आणि दर वेळी ती स्वतःच्या चुकीपाशी थांबवली. रंगाचा विषय निघाला की म्हणायचे, "तो होता असाच." स्वतःच्या मुलालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी पेटीवरून उठलो, तो पाय हातात घेतला.

"लोखंड मामांचं," मी म्हणालो. "रंग माझा."