जाँता आणि जातं

थंडीच्या दिवसांत आमच्या परतूरला स्टेशनाकडच्या बाजूनं कापूस हवेत तरंगत असतो. सरकी काढायची जिनिंग सुरू झाली की त्याची तुसं बाहेर पडतात आणि बाभळींवर, विजेच्या तारांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर येऊन बसतात. दुपारच्या उन्हात त्यांच्याकडे बघत राहिलं की डोळे जड होतात आणि आपण कुठल्या गावात आहोत, वय काय आपलं, हे थोडा वेळ विसरायला होतं.

मी या गावात लग्न होऊन आले ती नागौरकडच्या एका लहान गावातून. सासरची मंडळी चार पिढ्यांपासून इथली, भुसार मालाचं दुकान, त्यामुळे घरात सगळ्यांना मराठी यायचं. मला एक शब्द येत नव्हता. आल्यावर महिनाभरात शेजारच्या काकू मागच्या दारी वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "थोडं मीठ दे गं." मी आत गेले आणि वाटीभर साखर आणून दिली. मीठ म्हणजे गोडच असणार, असं माझं सरळ गणित. काकू हसल्या नाहीत. साखर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि माझ्या तळहातावर चिमूटभर खडे ठेवून म्हणाल्या, "हे मीठ. चाखून बघ." मी चाखलं. आमच्याकडे त्याला लूण म्हणतात. त्या दिवसापासून काकूंनी मला मराठी शिकवलं ते असं, एकेक वस्तू हातावर ठेवून.

काकू शेतकऱ्याच्या घरातल्या. आता त्यांची सत्तरी उलटून गेली आहे आणि उजवा हात खांद्यापासून नीट वर जात नाही. माझ्याही डोक्याचे केस पांढरे झाले. मधली वर्षं कुठं गेली ते मला सांगता येणार नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी एक वर्ग सुरू केला. जिनिंगच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत बिहारकडची बरीच कुटुंबं हंगामापुरती येऊन राहतात. बायांना दवाखान्यात बोलता येत नाही, रेशनच्या दुकानात समजत नाही, पोरं शाळेत नुसती बसून राहतात. म्हणून आठवड्यातून दोन दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकायची, त्यांना बोलवायचं, बोलायचं, बोलायला लावायचं. आमच्या महिला मंडळातल्या एकीनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "ही माणसं आज हाईत, उद्या न्हाईत. कशाला एवढी दगदग?"

"आज आहेत ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग आजचंच बघू."

मला त्यांनी बोलावलं ते हिंदी येतं म्हणून. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा मोठेपणा वाटला. या गावात इतकी वर्षं मी शिकणारी होते. आता शिकवणारी होणार होते.

वर्गाला आठ-दहा बाया यायच्या. सकाळची पाळी करून आलेल्या, पापण्यांवर कापूस बसलेला. त्यातली एक खिडकीशी बसायची. तिशीच्या आतली असेल. सोबत सहा वर्षांची मुलगी. शाळा सुटली की मुलगी तिच्याजवळ येऊन बसे आणि ती तिचे केस विंचरत राही. बाकीच्या बाया चुकत माकत बोलायच्या, हसायच्या. ही कधीच काही बोलली नाही. विचारलं की मान हलवायची. मुलगीही तशीच. मोठ्या डोळ्यांनी बघायची आणि गप्प. पहिलीच्या वर्गातही तिनं चार महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं.

एका दुपारी मी त्या मुलीच्या मागं उभी राहून तिला दोनदा हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. मी मोठ्या बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "मला वाटतं, पोरीला ऐकू येत नाही. किंवा डोक्यानं थोडी मंद असेल."

हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.

बाईंना काळजी वाटली. सरकारी दवाखान्यात त्या आठवड्यात कानाच्या तपासणीचं शिबिर होतं. मी मुलीच्या आईला म्हटलं, "चलो, बच्ची को डॉक्टर को दिखाते हैं." ती काही न विचारता आली. रांगेत दोन तास बसलो. मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली. डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, यंत्र लावलं, मागून चुटकी वाजवली, आणि म्हणाल्या, "कान एकदम चांगले आहेत. कुणी सांगितलं हिला ऐकू येत नाही म्हणून?"

मी खाली बघितलं. आईला मराठी येत नव्हतं, पण त्या घटकेला तिला सगळं समजलं. ती मुलीचा हात धरून उठली आणि माझ्याकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाली, "हमार बेटी बहिर ना ह."

इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझी मुलगी बहिरी नाही, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत खिडकीपाशी ऊन यायचं आणि रिकाम्या सतरंजीवर पडून राहायचं. मी शिकवताना मधेच थांबायची. मला माझं पहिलं वर्ष आठवायचं. सासरच्या एका लग्नात मी कोपऱ्यात बसले होते आणि दोन बाया माझ्यासमोरच बोलत होत्या, "नवी सून दिसायला बरी आहे, पण बावळट दिसते." सगळे शब्द कळले नव्हते. सूर कळला होता.

शेवटी मी काकूंकडे गेले. त्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकू, मी तिच्या खोलीवर जाऊन माफी मागते."

काकू सूप पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माफी मागून काय हुईल? ती म्हनंल, ठीक हाय. अन् पुन्हा येनार न्हाई. तू तिला काम सांग."

"काम? मी कोण तिला काम सांगणार?"

"तू न्हाई, मी सांगून राह्यले. माझ्या घरची तूर भरडायची हाय. सून म्हनती गिरणीत देऊ. मला गिरणीची डाळ बिलकुल आवडत न्हाई. पन हात चालत न्हाई. तिला म्हनावं, म्हातारीला मदत पाह्यजे. जल्दी ये."

मला ते पटलं नाही. अपमान मी करायचा आणि वर तिलाच राबायला बोलवायचं? तरी गेले. जिनिंगच्या मागं त्यांची खोली शेवटची होती. दाराशी चूल, चुलीवर भात. आतून कुणी तरी भराभर बोलत होतं, बारीक आवाजात, न थांबता. मी दारात उभी राहून ऐकलं. मुलगी एका बाहुलीला काही तरी लांबच लांब सांगत होती, मधेच रागावत होती, मधेच समजूत काढत होती. माझी सावली आत पडली तशी ती गप्प झाली.

मी आईला काकूंचा निरोप सांगितला. माफीचे शब्द घशात होते, पण काकूंनी बजावलं होतं म्हणून गिळले. तिनं ऐकून घेतलं. भात उतरवला, झाकण ठेवलं, पदर खोचला आणि मुलीला घेऊन निघाली. रस्त्यावर कापूस उडत होता आणि मुलगी एकेक तूस हातात धरून बघत होती.

काकूंनी ओसरीवर पोतं अंथरून जातं मांडून ठेवलं होतं. शेजारी सुपात तूर, तेल-पाणी लावून उन्हात वाळवलेली. ती बाई पायरीवरच थांबली. जात्याकडे बघितलं. पुढं आली, खाली बसली, दगडावर तळहात ठेवला, जसा जुन्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ई त जाँता ह," ती म्हणाली.

"हां," काकू म्हणाल्या, "जातंच हाय. मंग काय असंल?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले, कारण आमच्या मारवाडात त्याला घट्टी म्हणतात. इतक्या वर्षांत जातं हा शब्द मी शिकले होते. तिला तो शिकावा लागला नाही.

काकू एका बाजूला, ती समोर. खुंट्याला दोघींचे हात. काकूंचा डावा, तिचा उजवा. जातं घरघरायला लागलं आणि कडेनं पिवळी डाळ झरायला लागली. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही, एकसुरी आवाज. मला वाटलं मी झोपेत आहे. काकूंनी डोळे मिटले आणि गुणगुणायला लागल्या. जुनी ओवी नव्हती ती. त्याच घटकेला जोडलेली होती. मी नंतर विचारून लिहून ठेवली.

दूर देसाची गं पोर, माझ्या जात्यापाशी बसे
तिच्या हाताच्या जोरानं, मला माहेर दिसे

काकू थांबल्या. जातं फिरतच होतं. आणि मग समोरून दुसरा सूर आला. आधी अगदी दबका, जात्याच्या आवाजाखालून. मग उघडा. तिच्या बोलीतलं गाणं, लांबवत नेलेलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली उतरणारं. चाल काकूंच्या ओवीची नव्हती, पण जात्याच्या फेऱ्याला ती बरोबर बसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हता.

मला गाण्यातला एक नईहर, म्हणजे माहेर, एवढा शब्द कळला. बाकीचं निसटत होतं. मी स्वतःशीच पुटपुटले, "काय म्हणते आहे ही?"

माझ्या मागून आवाज आला, "आई म्हणून राह्यली, तिचा भाऊ घ्यायला येऊन राह्यला."

मी वळले. मुलगी खांबाला टेकून उभी होती. अगदी आमच्या गल्लीतल्या पोरीसारखं बोलली होती ती, तेच राह्यली, तोच हेल. चार महिने ती शाळेत गप्प बसून सगळं ऐकत होती. एकही शब्द वाया घालवला नव्हता.

"आणखी काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणती, वाट लांब हाय. मधी नदी हाय. होडी न्हाई." मग ती म्हणाली, "खरं न्हाई ते. मामा मागच्या टायमाला आल्ता. रेल्वेनं आल्ता."

काकूंनी जातं थांबवलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुलीनं आईला आपल्या बोलीत सांगितलं आपण काय बोललो ते. तशी आईही हसली. मला हसू आलं नाही. मी मुलीजवळ जाऊन खाली बसले आणि जे खोलीच्या दारात बोलता आलं नव्हतं ते बोलले. मोठ्या माणसानं लहान पोरीला सांगावं तसं नाही, सरळच. म्हटलं, "मी म्हणाले होते तुला ऐकू येत नाही. माझं चुकलं."

"तुम्ही माझं नाव चुकीचं घेत होत्या," ती म्हणाली. "म्हणून मी बघितलं न्हाई."

तिचं नाव मी खरंच चुकीचं घेत होते. शाळेच्या हजेरीत कुणी तरी आपल्या सोयीनं लिहिलं होतं, आणि तेच आम्ही सगळे म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी हजेरीतलं नाव स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं. पहिलीच्या वर्गात पोरीनं ते सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं म्हणे.

त्यानंतर आमचा शुक्रवारचा वर्ग काकूंच्या ओसरीवर भरायला लागला. तुरीची डाळ झाली, मग हरभऱ्याची, मग कुणाच्या तरी लग्नाची हळद. दगदग कशाला म्हणणारी मंडळातली बाईसुद्धा आपलं सूप घेऊन आली. कोपऱ्यात बसली आणि दोन शुक्रवारांनी एका बिहारी बाईशी लोणच्यावरून वाद घालताना मी तिला बघितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि वाद चांगला अर्धा तास चालला. शिकवायचं असं काही राहिलं नव्हतं. ज्या वस्तूला जे नाव असेल ते तीन बोलींत म्हणायचं आणि पुढं जायचं. मला भोजपुरीत मिठाला नून म्हणतात हे तिथंच कळलं.

चैत्रात जिनिंगची धडधड बंद झाली. कुटुंबं गाठोडी बांधायला लागली. निरोपाला मी, काकू आणि मोठ्या बाई स्टेशनावर गेलो. मनमाडकडं जाणारी गाडी थोडी उशिरा होती. काकूंनी घरच्या डाळीची पिशवी त्या मुलीच्या आईच्या मांडीवर ठेवली. तिनं वाकून काकूंच्या पायांना हात लावला, मग माझ्याजवळ आली आणि माझा हात नुसता धरून उभी राहिली. मुलीच्या वहीत मी माझा फोन नंबर लिहून दिला. गाडी आली, गर्दी झाली. मुलगी खिडकीतून काही सांगत होती पण भोंग्यात ऐकू आलं नाही.

दुसऱ्या हंगामाला ते आले नाहीत. दुसरी कुटुंबं आली. खिडकीशी दुसरी कुणी तरी बसली. मला चुकल्यासारखं होत राहिलं, पण वर्ग थांबला नाही.

मग यंदाच्या थंडीत एका दुपारी मी अंगणात बसले असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून एक पोरगी बोलली. आवाज थोडा मोठा झालेला.

"मी बोलून राह्यले," ती म्हणाली. ओळखायला मला क्षणही लागला नाही. मी तिचं नाव घेतलं, बरोबर घेतलं.

"काय करून राह्यली गं?" मी विचारलं.

"काही न्हाई. शाळेतून आल्ते. इथं कुणालाच मराठी येत न्हाई. बोलावं वाटलं, म्हणून तुमाला फोन लावला."

मग ती बोलत राहिली. वाटाण्याच्या शेतात नीलगाय शिरली ते, मामाच्या लग्नात पाऊस पडला ते, आईनं नवी शेळी घेतली आणि ती कुणालाच जवळ येऊ देत नाही ते. मी मधे फक्त हं म्हणत होते. फार दूरच्या एका गावात एक पोरगी आमच्या गल्लीची भाषा बोलत होती आणि आजूबाजूला कुणाला ती कळत नव्हती. मी उन्हात डोळे मिटून ऐकत राहिले. ती म्हणाली, "ऐकून राह्यल्या ना?" मी म्हटलं, "ऐकते आहे. शेळीचं सांग."