सासूबाईंना वगळण्याची पद्धत

लोककथा गोळा करणाऱ्यांच्याही लोककथा होतात, हे कोणी नोंदवून ठेवत नाही. शनिवार पेठेतील आमच्या लोकसाहित्य मंडळाने ऑनलाइन ग्रुप काढला आणि ओव्यांपेक्षा किस्सेच अधिक वेगाने साठू लागले!

*

ग्रुप बंदिस्त असावा, हा आग्रह अध्यक्ष दामलेसरांचा. म्हणून खराडीत प्रोग्रामर असलेला आमचा सभासद निखिल याने प्रवेशासाठी एक कोडे ठेवले: लांब दाढीचा पाटील कोण? उत्तर, कणीस. दामलेसरांनी ‘नारळ’ लिहिले आणि स्वतःच स्थापलेल्या ग्रुपबाहेर तीन दिवस काढले.

“अहो, कोकणात नारळच म्हणतात!”

“सर, पासवर्डला पाठभेद नसतो.”

“मग तुमचं शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे!”

*

ग्रुपमधले काहीही बाहेर जाऊ नये, असा ठराव झाला. सभासद लीलाताई प्रत्येक पोस्टची प्रिंट काढून, वर ‘गोपनीय’ लिहून, आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावत.

विचारल्यावर म्हणाल्या, “बाहेर कुठे गेलं? जिन्यातच आहे!”

*

याच सुमारास हडपसरच्या हौसाबाईंनी मला एक ओवी दिली:

*सासूबाईचं बोलणं, जसं बाभळीचं बन,*
*पाय कुठं ठेवू बाई, माहेरी गं मन.*

“सासूला कळू दिऊ नका,” त्या म्हणाल्या. “म्हातारी अजून हाय. कळलं, तर घरात तोंड दाखवायची सोय न्हाय, आन् तुम्हाला पुढची एक ओवी मिळायची न्हाय!”

मी शब्द दिला.

*

दामलेसरांनी तो शब्द मंडळाचा मानला. निखिलला आज्ञा झाली, “सासूबाईंना ब्लॉक करा.”

“सर, त्यांचं अकाउंटच नाही.”

“मग उघडायला लावा! जो कुठेच नाही, त्याला वगळणार कसं?”

*

दुसऱ्या दिवशी दामलेसरांनी माझ्यासमोरच, स्पीकर चालू ठेवून, हौसाबाईंच्या घरी फोन लावला. सून बाजारात गेली होती, सासूबाईंनी उचलला.

“नमस्कार. आपल्याला एक ओवी ऐकण्यास मनाई करायची आहे. त्यासाठी आपलं पूर्ण नाव हवं.”

“कंची ओवी?”

मी सरांचा हात धरला. पण मनाई नेमकी कशाची, हे सांगितल्याविना मनाई कशी करणार? सरांनी दोन्ही ओळी शांतपणे वाचून दाखवल्या.

हौसाबाईंचे घर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“चुकलंय,” म्हातारी म्हणाली. “बाभळीचं न्हाय, बोरीचं बन. माझ्या सासूवर म्याच केलीया ती. काटं व्हतं तिला, पर बोरंबी व्हती.”

दामलेसरांनी लगेच पेन उघडले. “दुरुस्ती करून घेतो.”

“करा. पर सुनेला दिसू दिऊ नका!”