शमीमभाभींच्या घरचं वाचन

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, तू कधी आउटसायडर होतीस का?" शाळेत तुम्हाला परक्या गावी आलेल्या मुलाची कादंबरी लावली आहे आणि तिच्यावर निबंध लिहायचा आहे. मी "छे गं" म्हणून विषय बदलला, कारण तुमचा काका शेजारीच बसला होता. निबंध देण्याआधी खरं उत्तर पोहोचावं म्हणून हे लिहिते आहे.

उंब्रज सोडलं त्या सकाळी काकाने गाडी दाराशी लावली, तेव्हा मी अजून भांडी पुसून जागच्या जागी ठेवत होते. "आई, आता ती कुणासाठी लावतेस?" तो म्हणाला. आजोबा गेले होते, मी न्हाणीत घसरून पडले होते, आणि मी एकटीने राहायचं नाही हे मला न विचारता ठरलं होतं. साताऱ्याच्या कॉलेजातून मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, तेव्हा माझे वडील भेटेल त्याला सांगत, "पोरगी शिकली, आता कुटंबी गेली तरी तिला जागा हाय." उंब्रजच्या शाळेत पुढे मी इंग्रजीच शिकवलं. निम्मं गाव मला 'बाई' म्हणे. मी बाजारात निघाले की रस्ताभर नमस्कार घेत जाई.

विश्रामबागच्या या फ्लॅटमध्ये गॅलरीला जाळी आहे आणि हॉलमध्ये कॅमेरा आहे. तो माझ्या काळजीपोटी लावला, हे मला कळतं. तुम्हीही तिकडून त्यात मला बघता. पण सोफ्यावरून उठून दाराशी गेले, की ऑफिसातून काकाचा फोन येतो, "कुठे निघालीस?" खरं तर निघून जाण्यासारखी जागाच नसते. पहिले कित्येक महिने मी दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसे. ती आमच्या मजल्यावर थांबली तरी दार शेजारच्यांचं वाजे.

मग तुमच्या काकूने मला सोसायटीतल्या बायकांच्या वाचन मंडळात नेलं. महिन्यातून एक दुपार, आळीपाळीने एकेकीच्या घरी. माझं इंग्रजी तिथे कामी आलं. इंग्रजी कादंबऱ्या मी मराठीत सांगायची. मला पंख्याखालची खुर्ची मिळाली. महिनाभर मी त्या एका दुपारची वाट पाहायची, इतकंच सांगते.

मंडळात दुसऱ्या मजल्यावरच्या शमीमभाभी येत. मूळच्या आटपाडीच्या, तिकडे त्यांच्या घरचं कापडदुकान होतं. बाकी सगळ्या एकमेकींच्या ताई नाहीतर काकू, ह्या तेवढ्या भाभी. सगळ्यांत जास्त वाचून येत आणि दाराजवळ बसत. त्यांच्या घरची बारी कधी लागत नसे. "भाभी, तुमच्याकडे पुढच्या खेपेला हं," असं गोड बोलून बारी पुढे ढकलली जाई.

एकदा आम्ही एका बाईची कादंबरी वाचली. लग्न होऊन ती अनोळखी गावी येते आणि गाव तिला विहिरीवर पाणी भरू देत नाही. दोघीतिघींनी डोळे पुसले. "किती निष्ठुर माणसं!" एक म्हणाली. भाभी मागून हळूच मला म्हणाल्या, "आवं बाई, बरं झालं, हितं पानी नळाला येतंय."

पुढचं घर कुणाचं, असा विषय निघाला. मी वर्गात बोलायची त्या आवाजात म्हटलं, "भाभींचं." कुणी नाही म्हणालं नाही.

वाचनाच्या दिवशी मी भाभींकडे लवकर गेले. टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या, न फोडलेले बिस्किटांचे पुडे आणि सालीसकट केळी मांडली होती.

"हे काय? हुलग्याचे शेंगोळे करणार होता ना?"

"माज्या हातचं नगं वाटलं कुनाला, तर अवघड हुयाला नगं. पुडा ज्येचा त्येनं फोडायचा."

मग फोनवर निरोप येऊ लागले. कुणाची मान धरली, कुणाकडे पाहुणे आले, कुणाला चक्कर. भाभी ते वाचत म्हणाल्या, "अगं बया, समद्याच आजारी! आमी कापडाचं सोडून औशदाचं दुकान काडाया पायजे हुतं." आम्ही दोघी हसलो. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी जावा त्यांच्यात. मला सवय हाय. तुमाला ह्ये येकच दार उगडलंय."

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. नंतर भाभींनी आपल्या हातचा चहा केला आणि आम्ही दोघींनी तो घेतला.

पुढच्या महिन्यापासून मला निरोप येणं थांबलं. लिफ्टमध्ये बायका हसतात, पण भाजीचं विचारतात, पुस्तकाचं नाही. काकूला ते जड जातं. काका म्हणाला, "आई, कशाला भानगडीत पडलीस? आपल्याला इथेच राहायचंय." मी म्हटलं, "मलाही इथेच राहायचंय."

तेव्हा रेवा, आउटसायडर होते, आणि अजून आहे. तुमच्या कादंबरीत शेवटी सगळे त्या मुलाला जवळ करत असतील. इथे तसं झालं नाही, आणि मला वाटतं, होणारही नाही. उंब्रजच्या घरात भाडेकरू आहेत. त्यांनी ओट्याची फरशी बदलली, असं ऐकते. आता घर म्हटलं की मला ते आधी आठवत नाही.

भाभींचा नमाजाचा शुक्रवार सोडून रोज दुपारी मी दोन मजले खाली त्यांच्याकडे उतरते. पुस्तकाची प्रत एकच असते. भाभींचं वाचन माझ्यापेक्षा भरभर आहे. पान उलटण्याआधी त्या माझ्यासाठी थांबतात. एवढं उरलं आहे.

तुमची,
आजी