सहज आलेल्या काकू

तळमजल्यावरच्या काकू काल आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आल्या. "सहज आले हो, इथून जात होते," आईला म्हणाल्या. आमच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे!

दिसतं एक, असतं भलतंच, हे सांगायला इंग्रजीत डझनभर क्रियाविशेषणं आहेत. शाळेत मी तीच शिकवते. आपलं एका 'सहज'वर भागतं. उद्या नकार आला, तरी कोणी काही विचारलंच नव्हतं, असं दोन्ही घरांना म्हणता येतं.

चहा होताच काकूंच्या पिशवीतून भाच्याची पत्रिका निघाली. आईने 'सहज' केलेले परातभर कांदेपोहेही आले. मला दोघींचा भयंकर राग आला. पेपर तपासता तपासता, मान वर न करता मी सहज विचारलं, "उंची किती?"