सुभेदार कुठे आहे

माझा डोळा लागतोय आणि तो लागू नये अशी माझी फार इच्छा आहे. आम्ही उतरलोय त्या घराच्या मयेकर वहिनींनी मला पडवीतल्या खाटेवर जवळजवळ ढकलूनच आडवं केलंय. "काकी, जरा पाठ टेका. तुम्ही आजारी पडलात तर पोरांनी कुत्रा शोधायचा का डॉक्टर?" त्यांचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून मी डोळे मिटलेत. कान मात्र उघडे ठेवलेत. समुद्रावरून हाका येतायत. सुभेदाऽर, सुभेदाऽर. एक आवाज माझ्या मुलाचा, शंतनूचा. एक सुनेचा, गार्गीचा. बाकीचे गावातल्या लोकांचे, आणि त्यांच्यावर कडी करणारी कुठल्याशा हॉटेलातली नाताळची गाणी.

सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा. म्हणजे यांचा. हे श्रावणात गेले आणि कुत्रा मागे राहिला. शंतनू म्हणाला, आई, नाताळला जोडून सुट्टी आहे, दापोलीकडे जाऊ, तुला आणि सुभेदारला दोघांनाही हवापालट होईल. कुत्रा चालेल असं घर त्यानं शोधून काढलं. सासू चालेल का, हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. मी निघण्यापूर्वीच म्हटलं होतं की काहीतरी होणार. आमच्या घरात काळजीचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते नेटानं सांभाळते, त्यामुळे माझं कुणी मनावर घेत नाही.

आज सकाळी किनाऱ्यावर एक उंट आला. गळ्यात घुंगरं, पाठीवर झालरी आणि डोक्यावर सांताक्लॉजची लाल टोपी. सुभेदारनं सात वर्षांत उंट पाहिला नव्हता. त्यानं उंटाकडे पाहिलं, उंटानं मान खाली घालून त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या क्षणी मागे सरत सरत त्यानं पट्ट्यातून डोकं काढून घेतलं आणि सुरूच्या बनात पळाला. गार्गीच्या हातात नुसता पट्टा राहिला. नाव आणि फोन नंबर त्या पट्ट्यावर आहे. उद्या जेवण करून आम्हाला पुण्याला परत निघायचंय.

सात वर्षं मी त्या कुत्र्याच्या नावानं बोटं मोडली. साडीवर केस, गादीवर केस, वरणात केस. पण हे गेल्यापासून रोज संध्याकाळी, यांच्या फिरून परत येण्याच्या वेळेला, तो दाराशी जाऊन बसतो. मी चहाचा कप घेऊन तिथेच खुर्ची टाकते. बोलत कुणीच नाही. एकाच माणसाची वाट बघणारे दोघं जण घरात आहेत, एवढाच काय तो आधार. तो सापडला नाही तर उद्यापासून मी एकटीच बघणार.

खाटेची सुतळी पाठीला रुततेय. हाका लांब जातायत. खाट पायाकडून जराशी खाली दबते, कुणीतरी बसावं तशी.

"काय गार आहे गं इथे," हे म्हणतात.

माकडटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, पाय अनवाणी. थंडीत असे अनवाणी पाय बघून मला एरवी राग आला असता. आत्ता मात्र मला एकच भीती वाटते. मी मान उंचावून यांच्या मागे बघते. यांच्या मागे कुत्रा नसावा. यांच्या पायाशी, खांबामागे, अंगणात, कुठेही नसावा. असला तर संपलंच मग.

अंगणात पोफळीच्या सावल्या आहेत. कुत्रा नाही.

हे वाकून खाटेखाली बघतात. "सुभेदार कुठे आहे?"

"शंतनू फिरवून आणतोय," मी म्हणते. थाप माझ्या तोंडातून इतकी सहज येते की माझं मलाच नवल वाटतं.

"या वेळेला? बरं. चहा टाकतेस?"

मी उठून ओट्याशी जाते. ओटा आमचाच आहे, पुण्यातला, मिसळणाच्या डब्यासकट. गॅसवर पाणी ठेवते आणि बघते तर दाराच्या फटीतून समुद्राचं पाणी आत येतंय. फेसासकट, हळूहळू. मी फरशी पुसायचं फडकं फटीला लावते. फडकं भिजतं, पाणी येतच राहतं. भरती संध्याकाळी आहे असं मयेकर म्हणाले होते. मग हे आत्ताच कसं आलं? सुरूच्या बनापर्यंत पाणी चढतं का, हे मी त्यांना विचारलंच नाही.

हे स्टुलावर बसून पाय वर घेतात. "सुभेदारचं भांडं कोरडं आहे."

"आत्ताच प्याला."

"पाणी प्यायल्यावर त्याच्या मिशांतून गळतं. इथे थेंबसुद्धा नाही."

"पुसलं मी." पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलंय आणि मी यांना सांगतेय की फरशी पुसली. यांना कळू नये एवढंच मला हवंय. जाताना यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, त्याचं बघ हं. बाकी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं, माझंसुद्धा नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, ते आजही वाटतं.

कपातला चहा घेऊन मी वळते तर हे बाकावर बसलेत आणि आजूबाजूला पेशंट आहेत. हा कुत्र्यांचा दवाखाना की यांचा, ते समजत नाही. भिंती हे शेवटी होते त्या हॉस्पिटलसारख्या हिरव्या आहेत. कोपऱ्यात उंट बसलाय. टोपी काढून त्यानं गुडघ्यांपाशी ठेवलीय आणि तोही आपली पाळी यायची वाट बघतोय. पडद्याआडून नर्स पुकारते, "सुभेदार." कुणी उठत नाही. ती आणखी जोरात पुकारते. मग सगळेच पुकारायला लागतात, माणसं, वॉर्डबॉय, दाराबाहेरचा रिक्षावाला. सुभेदाऽर.

"यांना कुणीतरी गप्प करा," हे त्रासून म्हणतात. "नावानं हाका मारतायत. नावानं तो कधी आलाय?"

आमच्या घरात त्या कुत्र्याला नावानं फक्त अंघोळीला बोलवतात. इतर वेळी नुसतं ये, चल, काय रे. सुभेदार असं नाव घेतलं की तो जो पलंगाखाली जातो तो दोघांनी मिळून ओढावा लागतो. आणि सकाळपासून अख्खा गाव त्याला नावानं हाका मारतोय. हाका ऐकून तो आणखी आत, आणखी लांब जात असणार. आणि गार्गीच्या हातात नुसता पट्टा राहिल्यावर पहिली आरोळी मीच ठोकली होती.

"पण मग हरवला तर कसं बोलवायचं?" मी म्हणते, आणि जीभ चावते.

हे माझ्याकडे बघतात. "हरवलाय?"

आता लपवण्यात अर्थ नाही. मी रडायला लागते. "उंटाला घाबरला हो. पट्टा सोडून पळाला. सकाळपासून शोधतोय सगळे."

हे कोपऱ्याकडे नजर टाकतात. "उंटाला कुणीही घाबरेल," ते हळूच म्हणतात.

"तुमच्याकडे नाही ना आला? खरं सांगा."

"माझ्याकडे असता तर मी कशाला विचारलं असतं, तो कुठे आहे म्हणून?"

इतका वेळ मी या प्रश्नाला घाबरत होते आणि त्यातच तो जिवंत असल्याची बातमी होती. मी मटकन बाकावर बसते. बसल्यावर तो बाक आमच्या जिन्याची पायरी होतो. समोर आमचं दार आहे. हे चपला घालून, दार ओढून घेऊन कडीत कुलूप अडकवतायत.

"चल, बोलवतो त्याला."

आणि मला आठवतं. सोसायटीत तो कुठेही उंडारत असो, वरच्या गच्चीवर असो की मागच्या कंपाउंडला, हे कुलूप लावायचे आणि लागलं की नाही ते ओढओढून बघायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी चिडायचे. पण तो आवाज झाला की सुभेदार असेल तिथून धावत यायचा. कुलूप लागलं म्हणजे ही मंडळी निघाली, आणि आपण मागे राहिलो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

हे कुलूप ओढतात. खडाक. पुन्हा. खडाक.

खूप खालून, आमच्या इमारतीला नाहीतच इतक्या मजल्यांच्या खालून, पायऱ्यांवर नखं वाजायला लागतात. तो येतोय. पण तो यांच्या हाकेला येतोय. वर पोचला की यांच्याबरोबर जाणार.

"थांबा," मी म्हणते. "ते कुलूप माझ्याकडे द्या."

"का?"

"मला तो हवाय."

"तुला?" यांना खरोखरच आश्चर्य वाटतं. "केस पडतात म्हणायचीस."

"पडू देत."

"वरणातसुद्धा?"

"काढीन मी."

नखांचा आवाज जवळ येतोय. हे कुलपावरचा हात काढत नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणतात, "मीही एकटाच असतो गं."

आयुष्यभर मी या माणसाला कधी नाही म्हटलं नाही. म्हणजे खूपदा म्हटलं, पण शेवटी त्यांचंच केलं.

"मला माहितीये," मी म्हणते. "पण तुम्हाला तो पुढे मिळणारच आहे. मला आत्ता हवाय."

हे बाजूला होतात आणि माझा हात धरून कुलपावर ठेवतात. त्यांची बोटं बर्फासारखी गार आहेत.

"जोरात ओढ," ते म्हणतात. "तू उगाच नावाला ओढतेस नेहमी."

मी सगळं बळ लावून ओढते.

डोळे उघडतात तेव्हा मी खाटेवर ताठ बसलेली आहे. ऊन अंगणाच्या कडेला गेलंय. वहिनी सुपातले तांदूळ निवडत माझ्याकडे बघतायत. माझा उजवा तळहात ठणकतोय. मी मूठ उघडते. तळव्यावर आडवी, कुलपाच्या दांडीच्या आकाराची लाल कमान उमटलीय, इतकी खोल की तिच्यात बोट फिरवता येतं. खाटेला लोखंड कुठेच नाही, सगळी सुतळी आणि लाकूड. ते मी दोनदा चाचपून बघते.

"वहिनी, तुमच्याकडे कुलूप आहे कुठे?"

"आमच्याकडे कशाला कुलूप, काकी? मागे पंपाच्या खोलीला आहे तेवढंच. चावी देऊ?"

"चावी नको. तेवढं समुद्रावर कुणालातरी धाडा आणि म्हणावं, हाका बंद करा. अगदी बंद."

त्या सूप ठेवून उठतात. मी मागे जाते. पंपाच्या खोलीचं दार पत्र्याचं आहे, कुलूप जुनं आणि दणकट. मी ते ओढते. पत्रा केवढ्यानं वाजतो. पुन्हा ओढते. समुद्रावरचा एक आवाज थांबतो, मग दुसरा. मी ओढतच राहते, पुन्हा पुन्हा, जसं मला कधीच आवडलं नाही तसं.

कुंपणापलीकडे उपडी घातलेली एक होडी आहे. तिच्याखालची वाळू हलते. आधी नाक येतं, मग सुभेदार येतो, पोट जमिनीला घासत, आणि मग एकदम धावत. ओला, चिखलानं माखलेला, अंगभर सुरूच्या काड्या. तो माझ्या पायांवर येऊन आदळतो. मी खाली बसते. तो माझा डावा हात ढकलून देतो आणि उजवा हुंगायला लागतो. ती लाल कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. त्याची शेपटी हलायला लागते, श्रावणापासून हलली नव्हती तशी. मग तो डोकं वर करून माझ्या मागे बघतो आणि बघतच राहतो.

मीही वळून बघते. पोफळीची झाडं आहेत आणि विहिरीचा काठ आहे.

"ते नाही आले," मी त्याला सांगते. "आता कुलूप मीच लावते."