अंगणवाडीचं कारलं आणि माझी जळजळ

इचोड्याच्या बाजारात माझ्या मिरचीचा दरारा असा, की ट्रकवाले लांबूनच शिंकत ब्रेक मारतात. आणि मी बोलायला लागलो की गिऱ्हाईक पैसे देऊन भाजी तिथंच विसरतं. असा मी, अन् माझी चार वर्षांची पोरगी मला मनातलं काही सांगेना!

सांगायची ती अंगणवाडीतल्या टीचरला. टीचरनं तिथं एक टोपली ठेवली होती. आल्याआल्या प्रत्येक लेकरानं तिच्यातून एक भाजी उचलायची. राग आला असेल तर मिरची, खुशीत असेल तर टमाटर, आत काही खुपत असेल तर कारलं. मग काऊन, म्हणजे का, ते सांगायचं. आणि भाज्या कुणाच्या? माझ्याच वाडीतल्या, मीच फुकट दिलेल्या! माझं कारलं हातात धरून पोरगी तिकडं मन मोकळं करायची, आणि घरी विचारलं तर, "काई नाई."

मी जळलो. असा जळलो की अंगावर पापड भाजून निघाले असते.

"टीचरवर जळता?" बायको म्हणाली. "तुमीच उचला आता एक कारलं!"

त्या संध्याकाळी मी भाज्यांचा अख्खा हारा पोरीपुढं ओतला. टीचरची टोपली ती केवढी, बापाचा ढीग बैलाएवढा.

"उचल माय."

तिनं कारलं उचललं. माझी छाती फुगली.

"काऊन वं?"

"बाळ आलं तवापासून तुमी मले..."

"अवं, माहा भाऊ झाला तवा तर मी त्याले बैलबाजारात इकाले नेलं होतं! तीन बैल देऊन राह्यला होता मानूस..."

तिनं कारलं खाली ठेवलं आणि उठली.

"काऊन चालली?"

"टीचर मधात नाई बोलत. तुमी माही गोष्ट तुमचीच करून टाकता."

बायको हसली नाही. तेच जास्त लागलं.

मी ओठ दातांखाली धरले. त्या माणसानं बैलांवर एक घोडाही देऊ केला होता, तो गिळला. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग बसली, कारलं पुन्हा हातात घेतलं.

"तुमी आले का आधी पाळण्यापाशी जाता. मी दारातच उभी रायते."

हे टीचरला माझ्याआधी ठाऊक होतं. पुन्हा जळलो, पण गप्पच.

"मंग?" एवढंच विचारलं.

"मंग तुमच्या चपला सरळ ठेवते."