पहिली सही

नगरपरिषदेच्या फाटकाशी टेबल टाकून तो अर्ज लिहून देतो. लिहिण्याआधी माणसाकडून सगळं दोनदा वदवून घेतो. दुसऱ्यांदा बोलणं बदललं, की पेनाला टोपण लावतो.

नव्या विकास आराखड्यात वैनगंगेकडे जाणारा रस्ता आमच्या घरांवरून दाखवला, तेव्हा आम्ही त्याच्याकडे गेलो.

"सारे मिळून एकच अर्ज कायले देऊन राहिले? घराघराची येगळी हरकत द्या. सुनावणीची नोटीस पयल्या सहीवाल्यालेच येते," तो म्हणाला.

आम्ही ऐकलं नाही. एकच अर्ज दिला आणि मान म्हणून पहिली सही मोहल्ल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाबांची घेतली.

सुनावणीआधी बाबा वारले. नोटीस सुनेने न उघडताच तेरवीच्या उरलेल्या पत्रिकांत ठेवून दिली.

पुढचं नगरपरिषदेच्या शिपायाने सांगितलं. बाबांचं नाव पुकारलं, तेव्हा हा अर्ज लिहिणाराच उभा राहिला. "ते वारले जी, साहेब. बाकीचे जिते हायेत."

साहेबांनी 'गैरहजर' लिहिलं.

आमच्या भिंतींवर आता पाडकामाच्या लाल खुणा आहेत. हल्ली कागद पुढे ओढण्याआधी तो पहिल्या सहीवाल्याचं वय विचारतो.